कॉर्बिनच्या छातीची वही

१२ मार्च २००९

वही दिली ती दिली, वर शिकवणीसुद्धा! टेनेसीच्या डॉक्टरची ती नर्स – काल-परवाची पोरगी, नखं रंगवलेली – मला म्हणते, "आजी, रोज लिहायचं हं. किती पायऱ्या चढला, कुठे थांबला, किती खोकला. तारीख घालायला विसरायचं नाही." विसरायचं नाही म्हणे! एकतीस वर्षं खाणीतल्या माणसाचा खोकला उशाशी घेऊन झोपले मी. तेव्हा वही द्यायला कोणी आलं नाही.

जायला चार तास, यायला चार तास. नातसून टॉन्याची ड्यूटी होती, कॉर्बिनबरोबर जायला तिला सुट्टी मिळेना, म्हणून मी गेले. डॉक्टर बरा वाटला. छातीचा फोटो काढला, कॉर्बिनला नळीत फुंकायला लावलं. दोन्ही स्वच्छ. तरी म्हणाला, घरी कसा असतो ते बघू.

घरी कसा असतो? बसलेला असतो. अठ्ठावीस वर्षांचा घोडा.

१३ मार्च

माझ्या ओट्याच्या पायऱ्या नऊ. एकदा थांबला. खोकला मोजला नाही. मला कामं होती.

१५ मार्च, रविवार

चर्चला गेलो. आमच्याकडे पेटी नाही, पुस्तकं नाहीत. एकाने ओळ द्यायची, बाकीच्यांनी ती ओढत न्यायची. सतराव्या वर्षापासून ओळ कॉर्बिन द्यायचा. एका श्वासात अशी लांबवायचा की पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या डोळे पुसायच्या. मी नाही पुसले कधी. पण ऐकायचे.

आज ब्रदर एस्टिलने त्याच्याकडे पाहिलं. हा बुटांकडे पाहत बसला. मग एस्टिलच गायला, बोकडासारखा.

बाहेर आल्यावर एस्टिल म्हणतो, "सिस्टर ऑर्फा, पोरगा वाळवंटातल्या लढाईवरून येऊन पाच वर्षं झाली. अजून थकलेलाच?"

म्हटलं, "तुम्ही वर्षभर तिकडे जाऊन या. मग विचारा."

तोंडावर म्हटलं खरं. घरी येताना माझ्याही मनात तेच होतं.

१९ मार्च

आज काडी लावली. आमच्या डोंगरात छाती अशीच बघतात. काडी पेटवायची, तोंडापासून वितीवर धरायची, आ वासून फुंकायची. ओठ आवळायचे नाहीत – ओठ आवळले की लबाडी. वुड्रोला, माझ्या नवऱ्याला, सत्तेचाळिसाव्या वर्षी विझेना. त्याच दिवशी मला कळलं होतं. डॉक्टरला कळायला आणखी नऊ वर्षं लागली.

कॉर्बिन हसला. "मामॉ, चार तास गाडी हाणून मी मशीनमध्ये फुंकून आलो. आता तुझी काडी?"

"फुंक."

विझली. दुसरी लावली. तीही विझली, पहिल्याच फुंकेला. तिसरी काढली तर म्हणतो, "आता घर पेटवणार आहेस का?"

म्हणजे छाती ठीक आहे. मग काय ठीक नाही ते मला समजलं. ते नर्सला दाखवायचं नाही. तिला दुसऱ्या वहीत नुसते आकडे उतरवून देईन. ही माझ्यापाशी राहील.

२० मार्च

बोलले त्याला. म्हटलं, "तुझ्या पापॉला काडी विझवता येत नव्हती तरी त्याने नऊ वर्षं कोळसा काढला. तू तीन विझवल्यास. उठ आळशा, आणि कामाला लाग."

पायऱ्या उतरून आपल्या ट्रेलर-घराकडे गेला. थांबला नाही. उतरताना कोण थांबतं!

याला मी वाढवला. आई – माझी लेक – हा चार वर्षांचा असताना गेली. मेली नाही. ओहायोला गेली.

२ एप्रिल

गार्डचा, म्हणजे राखीव सैन्याचा, कागद आला. महिन्यातला एक शनिवार-रविवार तो अजून वर्दी घालतो. दोन मैल सतरा मिनिटांत धावावे लागतात. वाळवंटात जायच्या आधी तेरात धावायचा. आता तेवीस. सार्जंटने लिहिलंय – प्रयत्न करत नाही. पुन्हा नापास झाला की काढणार. टॉन्याने मला नीट समजावून सांगितलं: आजारी म्हणून काढलं तर पुढचं सगळं औषधपाणी सरकारने बघायचं. आळशी म्हणून काढलं तर काही नाही. वर नावाला डाग. कुठे नोकरीसाठी गेला की तो कागद आधी जाऊन बसणार.

सार्जंटचं आणि माझं एकमत झालं. असं कुणाशी सहसा होत नाही माझं.

९ एप्रिल

पायऱ्या नऊ. दोनदा थांबला. दुसऱ्यांदा बुटाची नाडी बांधायला वाकला. बुटांना नाड्याच नव्हत्या.

२१ एप्रिल

टॉन्या आली. हात कमरेवर. ती माझ्याशी अशी कधी उभी राहत नाही.

"मामॉ, तुम्ही त्याला आळशी म्हणालात?"

"म्हणाले. काडी विझवतो तो."

"विझवतो. आणि झोपतो कसा ते माहितीय? बसून. खुर्चीत. उशीवर डोकं टेकलं की घुसमटतो. दाढी करताना दोनदा टेकतो. तुमच्याकडे येण्याआधी गाडीमागे उभा राहून आधी श्वास गोळा करतो, मग ओट्यावर येतो. का? तर मामॉ बघेल!"

मी म्हटलं, "बिस्किटं करपतील माझी."

करपली नाहीत. वेळेवर काढली. तिला चार बांधून दिली.

२४ मे, रविवार

थडग्यांवर फुलं वाहायचा दिवस. आमची माणसं डोंगरमाथ्यावर असतात. खालची सपाट जागा मक्याला लागते. दरवर्षी सगळ्यांनी वर चढायचं, गवत काढायचं, फुलं ठेवायची, लांब टेबलं मांडून जेवायचं. माझी घडीची खुर्ची आणि टोपली कॉर्बिन नेतो. यंदाही घेतली. मी म्हटलं, असू दे. म्हणाला, "गप गं."

पहिल्या वळणापर्यंत ठीक. दुसऱ्या वळणावर माझा पुतण्या डेन्झिल मागून ओरडला, "काय रे जवान, गाढव मागवू का?" सगळे हसले. कॉर्बिनही हसायला गेला. हसूच आलं नाही त्याला, हवाच नव्हती. खुर्ची खाली ठेवली. नीट ठेवली. मग गुडघ्यांवर बसला, मग दोन्ही हात मातीत. तोंड उघडं, आवाज नाही. ओठ निळे. नखं जांभळी – वुड्रोच्या शेवटच्या हिवाळ्यात होती तशी.

डेन्झिलने खुर्ची उचलून बाजूला घेतली.

मी त्याला उचललं नाही. वुड्रोला उचललं की राग यायचा. शेजारी मातीत बसले. टॉन्या पाठीवर हात फिरवत होती. वीस मिनिटं गेली असतील. वर गाणं सुरू झालं होतं, खाली ऐकू येत होतं.

"मामॉ," म्हणाला, "तुझा झगा मळला."

आम्ही दोघं वर गेलोच नाही. वुड्रोची फुलं टॉन्याने ठेवली. सफरचंदाचा केक तिथेच खाल्ला, रस्त्यात बसून. बरा झाला होता.

२५ मे

काडी कोळसा ओळखते. दुसरं काही ओळखत नाही. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी कुणाला विचारलं नव्हतं. चुकले.

२८ मे

शेंगा सोलत होतो. कधी बोलत नाही, आज बोलला. मान वर न करता.

म्हणाला, सैन्याच्या तळाच्या कडेला एक खड्डा होता. एवढा, की आपलं सगळं खोरं त्यात बसेल. सगळं त्यातच जायचं. टायर, बाटल्या, रंगाचे डबे, औषधं, बॅटऱ्या, उरलेलं जेवण, माणसांची घाण. वरून विमानाचं तेल ओतायचं आणि पेटवायचं. रात्रंदिवस. त्यांचा तंबू वाऱ्याच्या खालच्या अंगाला. सकाळी उशीवर डोक्याचा पांढरा ठसा, बाकी उशी काळी.

"आणि वाळू?" मी विचारलं.

"वाळू नाही गं. मैदा. पाय टाकला की घोट्यापर्यंत मैदा. वादळ आलं की दोन-दोन दिवस मैदाच श्वासात. थुंकी काळी यायची."

"पापॉसारखी?"

"पापॉसारखी. आम्ही विनोद करायचो. मी सांगायचो सगळ्यांना, मी घरीच आहे असं वाटतंय."

शेंगा दोन किलो झाल्या.

३ जून

डॉक्टरचा फोन आला. त्याने वहीतले आकडे बघितले. म्हणतो, फोटो स्वच्छ, फुंकणं स्वच्छ, पण माणूस चढावर कोसळतो, म्हणजे बिघाड सगळ्यांत बारीक नळ्यांत आहे. तिथवर फोटो पोचत नाही. फासळ्यांमधून आत जाऊन फुप्फुसाचा तुकडा काढावा लागेल. तोच पुरावा. त्याशिवाय गार्डवाले मानणार नाहीत.

कॉर्बिन फोनवर म्हणाला, "नाही." ठेवून दिला.

पायऱ्या नऊ. तीनदा.

६ जून

टॉन्या रडली. तो ऐकेना. म्हणे, धडधाकट छाती कापून घेऊ? आत काहीच निघालं नाही तर? मग मी आळशीही आणि कापलेलाही.

मी त्याला ओट्यावर बसवलं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. १९९१ साली वुड्रो गेला तेव्हा दवाखान्यातला माणूस म्हणाला – बाई, छाती उघडून बघू द्या, फुप्फुसं तपासायला पाठवू, म्हणजे खाणीनेच मेला हे सिद्ध होईल. आमच्या इथल्या निम्म्या विधवांनी होकार दिलाय. मी दिला नाही. म्हटलं, आयुष्यभर खाणीने खाल्लं, आता तुम्ही कापू नका. अख्खा पुरला.

भरपाईच्या सुनावणीत काय लिहिलं? – सिगारेट. वुड्रो तंबाखू चघळायचा. सिगारेट त्याने कधी ओढली नाही, खाणीत काडी ओढायला बंदी! पण कागदावर सिगारेट. अजूनही तेच आहे.

कॉर्बिन म्हणाला, "म्हणून मला कापायचं?"

म्हटलं, "तो मेल्यावर कापणार होते तरी मी नको म्हटलं. तुला जिवंतपणी कापणार आहेत. मी काय हौसेने सांगतेय? पण तू नको म्हणालास तर तुझ्याबद्दल काय लिहायचं ते गार्डवाले ठरवतील."

मग म्हणाला, "बीन्स आहेत का?"

होते. मक्याच्या पावाबरोबर दोन ताटल्या खाल्ल्या. मग फोन मागितला.

१६ जून

नेला आत. टेनेसीत. मी आणि टॉन्या बाहेर. तिथे मासे आहेत काचेत. सतरा. एक सारखा पालथा होत होता.

१७ जून

शुद्धीवर आहे. बरगडीतून नळी बाहेर. नळीच्या डब्यात गुलाबी पाणी. मला बघून म्हणाला, "काडी आणलीस का?"

टॉन्या हसली आणि बाहेर गेली.

२ जुलै

निकाल.

नाव लांब होतं. टॉन्याने लिहून घेतलं, मी नाही. सगळ्यांत बारीक नळ्यांच्या भिंतींवर व्रण धरलेत, जाड झाल्यात, काही बंदच. आत धूळ बसलीय, धातूचे कणसुद्धा. डॉक्टर म्हणाला, सत्तर वर्षांच्या माणसाचं असावं असं फुप्फुस. याच पोराच्या तळावरचे आणखी काही त्याच्याकडे आलेत, तेही असेच.

टॉन्याने विचारलं, बरं होईल?

"नाही."

वाढेल?

"बघत राहू."

मग कॉर्बिन हसला. मोठ्याने, टाके दुखेस्तोवर. डॉक्टर घाबरला. हा म्हणतो, "म्हणजे मी आळशी नाही!"

मी खिडकीकडे पाहत होते. बाहेर गाड्या लावायची जागा होती. गाड्या होत्या.

३ जुलै

त्याची माफी मागायची होती. चिकन तळलं.

१४ जुलै

गार्डचा कागद. मला वाटलं, आता मान्य केलं. टॉन्याने मोठ्याने वाचला. फुप्फुसाचा निकाल मिळाला म्हणतात. पण फेब्रुवारी २००४ मध्ये वाळवंटातून परत निघताना याने स्वतःच्या हाताने तक्ता भरलाय, त्याची नक्कल सोबत जोडलीय. धुरात होता का – नाही. खोकला – नाही. धाप – नाही. छातीत दुखणं – नाही. खाली सही. तेव्हा काही नव्हतं तर हे आजारपण तिथलंच कशावरून? वीस ऑगस्टच्या आत लेखी खुलासा करा.

टॉन्या म्हणाली, "का लिहिलंस असं?"

तो म्हणाला, "हो लिहिलं तर तपासणीसाठी दोन-तीन आठवडे तिथेच ठेवतात. नाही लिहिलं की विमान. सगळ्यांनी नाहीच लिहिलं."

मी तिथेच होते. भांडी घासायला उठले.

१५ जुलै

इथे लिहिते. २००४ च्या त्या फेब्रुवारीत त्याचा फोन आला होता. माझ्या याच स्वयंपाकघरात. आवाज खरखरीत. म्हणाला, "मामॉ, एक तक्ता दिलाय. छातीबद्दल विचारतात. खोकला तर आहे. काय लिहू?"

मी म्हटलं, "कंपनीच्या डॉक्टरला छातीचं सांगायचं नसतं, कार्ट्या. तुझ्या पापॉने कधी सांगितलं? सांगितलं की पहिलं कामावरून जातं. नाही लिही आणि घरी ये."

इथे कुणालाही विचारा, हेच सांगतील. खाणीवाल्यांच्या घरात आधी हे शिकवतात, मग चमचा धरायला. पण ती कंपनी नव्हती. ते सैन्य होतं. तिथे लिहिलं असतं तर कागद झाला असता. मला तो फरक समजला नाही. कंपनीचा डॉक्टर म्हणजे डॉक्टरच, असं धरून मी सांगितलं.

१६ जुलै

सांगितलं त्याला. म्हटलं, "खुलाशात माझं नाव घाल. आजीने सांगितलं म्हणून लिहिलं, असं लिही."

तो खदाखदा हसला, मग खोकला. "मामॉ, सैन्य तुझ्या सांगण्यावर चालत नाही गं. मी तर फोन ठेवला आणि विसरलो. तंबूतले बावीसच्या बावीस जण आपापल्या मनानेच नाही लिहून मोकळे झाले. त्या सगळ्यांनी काय तुला फोन केला होता?"

"नाही केला."

"मग? एवढी मोठी कधीपासून झालीस तू?"

बरं वाटलं. लागलीच झोप लागली.

२४ जुलै

डॉक्टर म्हणाला, तळावरचे आणखी लोक सापडले तर खुलाशाला जोर येईल. सगळ्यांनीच नाही लिहिलं, सगळेच आजारी – मग कोण म्हणेल हा एकटा खोटा? कॉर्बिनने चिठ्ठ्या लिहून माजी सैनिकांच्या तीन-चार हॉलमध्ये लावल्या. माझा नंबर दिला. या घळीत मोबाईल लागत नाही. पायऱ्या नऊ, चारदा.

२९ जुलै

अजून कुणाचा फोन नाही. एक आला होता, तो गालिचे विकणारा. त्याला चार शब्द ऐकवले.

३ ऑगस्ट

दुपारी फोन वाजला. कॉर्बिन झोपला होता, खुर्चीत. मी उचलला. वेस्ट व्हर्जिनियाची बाई. तिचा लेक कॉर्बिनच्या तंबूत होता. तीस वर्षांचा, आता बाथरूमपर्यंत जाताना दम लागतो. घरात लोक त्याला जाड्या म्हणतात. तिने विचारलं, खरंच कापून बघितलं का? मी म्हटलं, हो, बघितलं. मग म्हणाली, "म्हणजे तुम्हीच का त्या मामॉ?"

म्हटलं, कोण मामॉ?

"माझा लेक अजून सांगतो. तक्ते भरायच्या दिवशी सगळ्यांनी पेनं हातात धरली होती आणि कुणाचं काही ठरत नव्हतं. दोघं-तिघं तर हो लिहायला बसले होते, माझाही त्यांतच. मग तुमचा कॉर्बिन फोन करून आला, खाटेवर चढला आणि म्हणाला, माझी मामॉ खाणवाल्याची बायको आहे, तिला छातीतलं सगळं कळतं, ती म्हणते नाही लिहा. सगळे हसले. आणि लिहिलं."

बावीस.

कॉर्बिन खुर्चीत जागा झाला होता. माझ्याकडे पाहत होता. मी फोन ठेवला.

टॉन्याला सांगितलंय – फोन वाजला की कॉर्बिनने उचलायचा नाही, तूही नाही. मला हाक मारायची. परसात असले तरी, आंघोळीत असले तरी. मीच उचलणार.